एका अंशाचा हिशेब

उंचावर मलेरिया होत नाही, ही समजूत रायगड जिल्ह्यात खोल मुरलेली आहे. उरण-पनवेलकडच्या, खाडीकाठच्या माणसाला थंडी वाजून ताप आला की पहिल्याच दिवशी रक्त तपासायला सांगतात. तोच ताप कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीवर आला, तर आधी पावसात भिजलात का विचारतात, मग पाणी कुठले पिता ते विचारतात, आणि रक्ताचा विषय निघेपर्यंत चार दिवस गेलेले असतात. मी नोकरीची सगळी वर्षे सरकारी प्रयोगशाळेत मलेरियाच्या स्लाइडी वाचल्या. किनाऱ्यावरची गावे आणि डोंगरावरच्या वाड्या, दोन्हींचे रक्त माझ्या एकाच सूक्ष्मदर्शकाखालून गेले. त्या अनुभवाच्या आणि त्यामागच्या साध्या शास्त्राच्या आधारे सांगते : ही समजूत कधीच पुरती खरी नव्हती, आणि हवा तापत चालली आहे तशी ती जास्त जास्त धोक्याची होत आहे.

वाडीवरचा एक म्हातारा मला ठासून म्हणाला होता, "बाई, आमच्याकडं गार वारं, तिथं कसला आलाय मलेरिया?" त्याच्या नातवाच्या स्लाइडवर फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या जंतूच्या अर्धचंद्राकृती पेशी मी नुकत्याच पाहिल्या होत्या. या पेशींबद्दल थोडे सांगायला हवे, कारण माझा सगळा मुद्दा त्यांच्यापासून सुरू होतो. बोटाला टोचून काचेवर रक्ताचा एक जाड थेंब आणि एक पातळ थर घेतात, वाळवतात, जेएसबी रंगात बुडवतात. हा रंग आपल्याच देशात जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये तयार केला. स्वस्त, पाण्यात विरघळणारा. खेड्यापाड्यांतली तपासणी पिढ्यान् पिढ्या त्याच्या जिवावर चालली. ताप नवा असला की तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसतात. अर्धचंद्र दिसतात ते आठवडा-दहा दिवस उलटल्यावर. ताप आणतात त्या अंगठ्या. पण डासाच्या पोटात जाऊन पुढच्या घरी पोहोचतात ते अर्धचंद्र. म्हणजे ज्या स्लाइडवर ते दिसतात, तो रुग्ण आपल्यापर्यंत उशिरा आलेला असतो, आणि मधल्या काळात त्याला चावलेले डास मोकळेच असतात. डोंगरावरून आलेल्या स्लाइडींत मला हे अर्धचंद्र जास्त वेळा भेटत. तिथे रोग वेगळा नव्हता, तपासणी उशिरा होत होती.

आता डासाकडे वळते. डास चावला म्हणजे लगेच मलेरिया झाला, असे नसते. ॲनोफिलीसच्या मादीने रुग्णाचे रक्त प्यायल्यावर जंतू तिच्या पोटात वाढतो, पोटाच्या भिंतीवर गाठी धरतो आणि शेवटी लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसतो. तोवर ती कितीही जणांना चावली तरी तो जंतू कुणाला लागत नाही. डासाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. बाहेर जेवढे तापमान, जवळपास तेवढेच त्याच्या पोटात. त्यामुळे जंतूची वाढ विरजणासारखी हवामानावर ठरते : उन्हाळ्यात रात्री लावलेले दही पहाटे घट्ट, आणि थंडीत सकाळ झाली तरी दूध पातळच. १६ अंश सेल्सिअसच्या खाली फॅल्सिपॅरमची वाढ थांबते. मलेरियाचा दुसरा जंतू, व्हायवॅक्स, त्याहून दीड-एक अंश खाली तग धरतो. वरच्या बाजूला ३४-३५ अंशांपुढे जंतू आणि डास दोघांचेही हाल होतात.

गेल्या शतकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बसवलेले एक सूत्र आजही जगभर वापरतात. सरासरी तापमानातून १६ वजा करायचे आणि १११ ला त्या आकड्याने भागायचे. उत्तर येते ते फॅल्सिपॅरमला डासात तयार व्हायला लागणाऱ्या दिवसांचे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सरासरी २७ अंश धरा. वजा १६ म्हणजे ११, आणि उत्तर १० दिवस. आता त्याच दिवसांत माथेरानच्या किंवा रायगड किल्ल्याच्या उंचीवर जा, साधारण ८०० मीटरवर. हजार मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. ढगाळ, ओल्या हवेत ही घट थोडी कमी असते. सुमारे पाच अंश कमी धरले तर वर २२ अंश. तिथे उत्तर येते साडेअठरा दिवस.

साडेअठरा दिवस हे डासाच्या दृष्टीने फार मोठे आयुष्य आहे. रोज दहातला एक डास मरतो असे मानले, तर रुग्णाचे रक्त प्यालेल्या १०० माद्यांपैकी किनाऱ्यावर सुमारे ३५ जंतू तयार होईपर्यंत जगतात. वर डोंगरात जगतात १४. उंचीने जे संरक्षण मिळते म्हणतात ते एवढेच. शून्य नाही, १४. आणि एका डासाने चावायचे एकच घर नसते.

याच हिशेबात दोन्हीकडे एक अंश वाढवून बघा. किनाऱ्यावर २८ अंशांना सव्वानऊ दिवस, आणि ३५ चे ३८ होतात. वर २३ अंशांना सोळा दिवस, आणि १४ चे जवळपास १९ होतात. किनाऱ्यावर वाढ दहाव्या हिश्श्याहूनही कमी, डोंगरावर जवळपास एक तृतीयांश. हवा सगळीकडे सारखीच एका अंशाने तापली, तरी तिचा मार सारखा बसत नाही. ज्यांना आपण आजवर सुरक्षित समजत आलो, त्यांच्यावर तो जास्त बसतो. हा कागदावरचा हिशेब आहे हे मला ठाऊक आहे. खरी हवा दिवसरात्र खालीवर होते, डासांचे आयुष्य ओलाव्यावर ठरते, फवारणीवर ठरते. पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

उलट एक गोष्ट त्याला आणखी वाईट करते. हवामान खात्याचा तापमापक मोकळ्या जागी, पांढऱ्या पेटीत असतो. रक्त पिऊन जड झालेली मादी तिथे बसत नाही. ती घरात, अंधाऱ्या कुडाच्या भिंतीवर विसावते. पावसाळ्यात वाडीवरच्या घरात चूल सकाळ-संध्याकाळ पेटलेली असते, माणसे आणि कधी शेळ्याही त्याच छपराखाली असतात. बाहेर २२ अंश असतील तेव्हा आत तेवढेच नसतात. म्हणजे जंतूला हवी असलेली ऊब माणसाने स्वतःच्या गरजेपोटी घरात करून ठेवलेली असते. (धुराने डास थोडे दूर राहतात हे खरे, पण चूल विझल्यावर रात्र उरतेच, आणि ॲनोफिलीस रात्रीच चावतो.)

थंडीने मलेरिया अडवायचा तर केवढी उंची लागते? इथिओपियात साधारण २००० मीटरच्या खालचा मुलूख मलेरियाचा धरतात. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. माणसे राहतात अशी पुरेशी उंच जागा सह्याद्रीत नाहीच. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टराने १८५० मध्ये माथेरान शोधून काढले आणि मुंबईचे साहेब तिथे तापापासून पळू लागले, तेव्हा डासाचा मलेरियाशी काय संबंध हे जगात कुणालाच माहीत नव्हते. ते कळायला ऑगस्ट १८९७ उजाडावा लागला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात जंतू सापडला तेव्हा. दलदलीची वाईट हवा वर येत नाही, असे साहेबांना वाटे. शिवाय ते उन्हाळ्यात यायचे आणि पाऊस लागायच्या आत खाली उतरायचे. वाडीवरचा ठाकूर ऑक्टोबरातही तिथेच असतो.

ऑक्टोबर मुद्दाम म्हणते. आपल्या जिल्ह्यात मलेरिया नेणारे डास एका जातीचे नाहीत, आणि त्यांचे पाणीही एक नाही. भातखाचरे, पाट, साचलेली डबकी हे ॲनोफिलीस क्युलिसिफेसीसचे. विहिरी, हौद, गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावरचे पाणी हे ॲनोफिलीस स्टिफेन्सीचे. डोंगरपायथ्याला वाहते, नितळ, मंद पाणी हे फ्लुव्हिएटिलिसचे. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाऊस असा कोसळतो की ओहळातल्या अळ्या वाहून जातात. माथेरानला तर अलिबागच्या दुपटीच्या घरात पाऊस पडतो. पण घटस्थापना होऊन गेली, पाऊस ओसरला, की तेच ओहळ संथ होतात, कडेला गवत धरते, आणि फ्लुव्हिएटिलिसला हवे तसे पाणी तयार होते. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५ नंतर उत्तर कानड्यात आणि धारवाडकडे डीडीटीचे जे मोठे प्रयोग केले, ते याच डोंगराळ डासाविरुद्ध होते. तो सगळा आपल्याच सह्याद्रीचा पट्टा. तरीही आपली मलेरियाविरोधी मोहीम जूनमध्ये बॅनर लावून सुरू होते आणि गणपतीनंतर थंडावते. किनाऱ्यासाठी ते कदाचित चालून जाईल. डोंगरासाठी मोहीम संपते त्याच वेळी हंगाम सुरू होतो.

जगात हे वर सरकणे मोजलेले आहे. कोलंबियातला अँटिओकिया प्रांत आणि इथिओपियातला देब्रे झेत परिसर येथील जुन्या रुग्णनोंदी उंचीप्रमाणे मांडून केलेला अभ्यास २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये आला : ज्या वर्षी हवा जास्त उबदार, त्या वर्षी रुग्ण जास्त उंचीवर. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या शंभरेक वर्षांच्या डासांच्या नोंदी तपासल्या गेल्या; ॲनोफिलीसच्या जाती दरवर्षी सरासरी साडेसहा मीटर वर सरकत गेल्याचे दिसले. हिमालयाच्या उतारांवर मलेरिया पसरायला योग्य महिने वाढतील, असा अंदाज आपल्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही मांडला आहे. कोलंबियाला हे सांगता आले, कारण रुग्णाच्या गावाची उंची जुळवता येईल अशा नोंदी तिथे होत्या.

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही मी गंभीरपणे घेते. पहिला असा, की हवा फार तापली तर मलेरिया कमीच होईल. आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्यात मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली. अशा उन्हात डास जगणार कसा? नाहीच जगणार. पण मार्च-एप्रिल हा आपला मलेरियाचा काळ कधी नव्हताच. पाऊस पडला की हवा पुन्हा २७-२८ वर येते, आणि जंतूला २५ च्या आसपासची हवाच सर्वांत मानवते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : हवामानापेक्षा सरकारी काम मोठे. हे मला पूर्ण मान्य आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होते. १९६१ मध्ये रुग्ण ५० हजारांच्या आत आले. हवा तीच होती. मग आपण निर्धास्त झालो, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. अलीकडे पाहा, २०१५ मधले ११ लाख ६९ हजार रुग्ण २०२३ पर्यंत २ लाख २७ हजारांवर आले, तेही हवा तापत असताना. आपल्या रसायनीच्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्समध्ये तयार झालेले डीडीटी या लढाईत देशभर गेले, याचा मला जिल्ह्याची रहिवासी म्हणून अभिमान आहे. काम केले तर ताप हटतो, यावर माझी नोकरी झाली. म्हणूनच ते काम चुकीच्या उंचीवर आणि चुकीच्या महिन्यात होऊ नये, असे मला पोटतिडकीने वाटते.

खालच्या बाजूला काय चालले आहे तेही बघायला हवे, कारण डोंगरावरचा ताप बहुतेक वेळा खालूनच चढतो. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू, ऑक्टोबर २०२५ मध्ये उलव्याची टेकडी सपाट करून केलेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यांच्याभोवती पनवेल, उरण, पेणपर्यंत इमारतींची रांग लागली आहे. कुठल्या एका प्रकल्पाकडे मी बोट दाखवत नाही. पण बांधकाम म्हणजे स्लॅबवर पाणी अडवणे, लिफ्टचे खड्डे, उघडी पिंपे आणि दूरच्या राज्यांतून आलेले, पत्र्याच्या खोल्यांत झोपणारे मजूर. स्टिफेन्सीला याहून वेगळे काही लागत नाही. मुंबईत गोदी बांधली जात होती त्या काळात डॉ. सी. ए. बेंटले यांनी तिथल्या मलेरियाची चौकशी केली. १९११ च्या त्यांच्या अहवालात शहरातल्या विहिरी आणि त्यांत वाढणारा स्टिफेन्सी हेच मूळ म्हणून पुढे आले. तेव्हापासून हा डास आपल्याला ओळखीचा आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला पोहोचला आणि २०२२ मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात त्याने साथ आणली. आता तिकडचे लोक त्याच्याशी कसे लढायचे ते शिकत आहेत. आपल्याला ते माहीत आहे : आठवड्यातून एकदा पाणी उपसा, झाकणे घट्ट बसवा, विहिरीत गप्पी मासे सोडा. अलिबाग-मांडव्याच्या बंगल्यांतले वर्षाचे दहा महिने कुणी उतरत नाही असे तरणतलावही यातच धरा. क्लोरीन थांबले की तो तलाव डासांचा.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीला परततात. बांधकामांवरही जातात. मजुरांच्या वस्तीत लागलेला जंतू त्यांच्या रक्तातून वर येतो. यात त्यांचा तसूभरही दोष नाही. पोट त्यांना खाली नेते आणि घर वर आणते. व्हायवॅक्स असेल तर तो यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उसळतो. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात, आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरलेला असतो. उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या घेतल्या की नाही, हे पाहायला वाडीवर कोण जाणार? जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याच वाटांनी एरवी आशाताई गोळ्या घेऊन चढतात आणि स्लाइड घेऊन उतरतात. शिवाय सतत मलेरियाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते. क्वचितच हा ताप पाहणाऱ्या वाडीत ती नसते. तिथे फॅल्सिपॅरम शिरला, तर पोरासोरांना आणि गरोदर बायांना जड जातो.

मागणी मोठ्या खर्चाची नाही. स्लाइडच्या फॉर्मवर रुग्णाचे नाव, वय, गाव असते. त्यात वाडीची उंची लिहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत समोच्च रेषा आहेत, एकदाच पाहून यादी करायची आहे. मग तालुक्याच्या सरसकट आकड्याऐवजी ० ते २००, २०० ते ५००, ५०० च्या वर असे आकडे दर महिन्याला जाहीर करा. पाच वर्षांत रायगडात मलेरिया वर सरकतो आहे की नाही हे कुणाच्या समजुतीवर अवलंबून राहणार नाही. डोंगरावरच्या काही घरांत, चुलीपासून लांबच्या भिंतीवर, तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे लावा. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची मुले ती आनंदाने सांभाळतील. कीटक समाहारकाला ऑक्टोबर ते डिसेंबर ओहळांवर पाठवा, फक्त नाक्यावरच्या गटारांवर नको. गटारात सापडतो तो बहुधा क्युलेक्स, तो मलेरियाचा नाहीच. कामावरून वाडीला परतणाऱ्या प्रत्येकाची, ताप असो वा नसो, मे-जूनमध्ये एक स्लाइड घ्या.

आणि ८०० मीटरवरच्या आशाताईंच्या पिशवीत तपासणीचे किट आणि पहिल्या दिवसाच्या गोळ्या कायम असू द्या. २०२७ पर्यंत देशात स्थानिक मलेरियाचा एकही नवा रुग्ण नको आणि २०३० पर्यंत निर्मूलन, असे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. येत्या घटस्थापनेपासून जिल्हा परिषदेने वाड्यांची यादी उंचीप्रमाणे लावली, तर त्यासाठी रायगडाला दोन हंगाम तरी वापरता येतील.